नाराजीने मागे काय ठेवलं?

९ फेब्रुवारी १९७४ रोजी गुजरातचे मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांनी राजीनामा दिला. ठिणगी पडली होती अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजच्या वसतिगृहात. डिसेंबर १९७३ मध्ये तिथल्या मेसचं बिल वीस टक्क्यांनी वाढलं आणि पोरं भडकली. पण त्या पोरांच्या पाठीशी अख्खं शहर उभं राहिलं, ते मेसच्या बिलासाठी नाही. शेंगतेल परवडेनासं झालं होतं, रेशनच्या दुकानात धान्य नव्हतं, आणि तेलाच्या व्यापाऱ्यांशी मुख्यमंत्र्यांचं साटंलोटं आहे असा लोकांचा पक्का समज झाला होता. दोन महिन्यांत मंत्रिमंडळ कोसळलं. मार्चमध्ये विधानसभाही बरखास्त झाली, आणि ही तीच विधानसभा जिथे सत्ताधारी काँग्रेसने दोनच वर्षांपूर्वी १६८ पैकी १४० जागा जिंकल्या होत्या. या सगळ्यात शंभराच्या आसपास माणसं जिवाला मुकली.

पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. जून १९७५ मध्ये नव्याने निवडणूक झाली आणि बाबूभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली विरोधी पक्षांच्या जनता मोर्चाचं सरकार आलं. त्याला स्वतःचं बहुमत नव्हतं. टेकू मिळाला तो ‘किमलोप’चा, म्हणजे चिमणभाईंनीच काढलेल्या नव्या पक्षाचा. ज्यांच्या नावाने ‘चोर’ म्हणून घोषणा दिल्या, त्यांच्याच पाठिंब्यावर आंदोलनाच्या पोटी जन्मलेलं सरकार उभं राहिलं. आणि १९९० मध्ये तेच चिमणभाई पुन्हा गुजरातचे मुख्यमंत्री झाले.

गुजरातच्या त्या पिढीच्या धैर्याला मी कमी लेखत नाही. निवडून दिलेल्या सरकारला पाच वर्षं वाट न बघता जाब विचारता येतो, हे त्यांनी देशाला दाखवलं. पण शेंगतेलाचं काय झालं? रेशनच्या धान्याचं काय झालं? आंदोलन जसजसं चढत गेलं तसतशी मागणी एकाच माणसापाशी येऊन थांबली, आणि तो माणूस गेल्यावर मागणीही संपली.

नेमक्या त्याच वर्षांत शेजारी महाराष्ट्रात लोक तेवढेच गांजलेले होते. उलट जास्तच. १९७२ च्या दुष्काळाची आठवण आजही मराठवाड्यात, सोलापूर-नगरकडे, सांगलीच्या पूर्व भागात म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात येते. त्याआधीची दोन वर्षंही पावसाने दगा दिलेलीच होती. अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी रेशनवर मिळायची आणि तिची भाकरी पोरांच्या घशाखाली उतरायची नाही. दुष्काळी कामावर सुकडी मिळायची. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या घरात माणसं राबत होती. त्यांत भूमिहीन होते तसे दहा-वीस एकरांचे मालकही होते. ज्या घरातली बाई कधी दुसऱ्याच्या बांधावर कामाला गेली नव्हती, ती रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडत होती.

ही माणसं सरकारवर संतापलेली होती, पण त्यांच्या संतापाला आकार होता. दुष्काळी कामांवर ठिकठिकाणी संप झाले, तहसील कचेऱ्यांवर मोर्चे गेले. काय मागत होते ते? मजुरी वाढवा. पगार आठवड्याच्या आठवड्याला द्या. हजेरीपटावर खोटी नावं चढवणाऱ्या मुकादमाला काढा. खडीचं मोजमाप आमच्यासमोर करा. प्यायला पाणी आणा, लेकरांसाठी सावली करा. पाऊस पडला म्हणून काम बंद करू नका. लाल निशाण पक्ष, कम्युनिस्ट, समाजवादी अशा सगळ्या डाव्या मंडळींनी हे संघटन बांधलं. मुख्यमंत्री वसंतराव नाईक जावेत असं त्यांतल्या अनेकांना वाटत असणारच. पण मोर्चाच्या तोंडी जी मागणी होती, ती नाईक राहोत की जावोत, मजुराच्या हातात काहीतरी पडेल अशी होती.

शहरात बायका हेच करत होत्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते या वेगवेगळ्या पक्षांतल्या बाया १९७२ मध्ये महागाईविरोधात एका समितीत एकत्र आल्या. हातात लाटणी घेऊन हजारो गृहिणी मुंबईच्या रस्त्यांवर उतरल्या, थाळ्या बडवल्या, मंत्र्यांना घेराव घातला. ज्यांनी आयुष्यात कधी घोषणा दिली नव्हती अशा चाळींतल्या बायका होत्या त्या. रेशनवर पुरेसं धान्य द्या, तेल द्या, साखर द्या, रॉकेल द्या, साठेबाजांना धरा. त्यांच्या लढ्यातून एखादा मोठा कायदा निघाला असं म्हणता येणार नाही. पण दुकानात माल आला की नाही, हे दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन गेलं की कळत होतं. सरकारला शब्दांचे बुडबुडे सोडून सुटता येत नव्हतं.

गावाकडच्या लढ्यातून मात्र कायदा निघाला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी साठच्या दशकात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला एक प्रयोग केला होता: मागेल त्याला काम. दुष्काळाच्या तोंडावर सरकारने ही कल्पना योजना म्हणून जाहीर केली, मग ती दुष्काळी कामांत बुडाली, दुष्काळ सरल्यावर पुन्हा वर आली. योजना म्हणून ती तशीच राहिली असती तर कुणा मंत्र्याच्या मर्जीने कधी आटली असती ते कळलंही नसतं. मजुरांच्या संघटना आणि विरोधी पक्ष हटून बसले: कायदा करा. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. सुरुवातीला तो भत्ता होता दिवसाला जेमतेम एक रुपया. पण तो रुपया कुणाच्या मेहेरबानीचा नव्हता. पुढे २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

या गोष्टीतला एक तपशील मला कायद्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. या कामांसाठी पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर बसवला. आजही इथल्या नोकरदाराच्या पगारपत्रकात ती ओळ असते: दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. बहुतेकांना ती कशासाठी आहे हे माहीत नसतं. दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी शहरातल्या पगारदाराने, व्यापाऱ्याने, वकिलाने, डॉक्टरने थोडी थोडी उचलायची, आणि जेवढा कर जमा होईल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असा तो हिशोब होता. वाईट काळाचा भार कोणी वाहायचा याचं उत्तर उघडपणे, विधिमंडळात, कायद्यात लिहून दिलेलं होतं.

नाईक १९७५ च्या फेब्रुवारीत पायउतार झाले, तेही दिल्लीच्या इच्छेने. म्हणजे गुजरातमध्ये मुख्यमंत्री लोकांनी घालवला आणि हक्क मागे राहिला नाही. महाराष्ट्रात लोकांनी मुख्यमंत्री घालवला नाही, हक्क मात्र मागे राहिला. अर्थव्यवस्था ढासळते तेव्हा लोकांच्या रागाचं मोल कशावरून करायचं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. पाऊस पडला नाही यात मुख्यमंत्र्यांचा काय दोष? ऑक्टोबर १९७३ नंतर काही महिन्यांत आखाती देशांनी खनिज तेलाचा भाव जवळजवळ चौपट केला, त्यात पंतप्रधान काय करणार होत्या? १९७४-७५ मध्ये देशात घाऊक भावांची वाढ पंचवीस टक्क्यांवर गेली. जगभर हेच चाललं होतं. मग नेत्यांवर खापर का फोडायचं?

दुष्काळ आणि तेलाचा भाव कुणाच्या हातात नव्हता, हे मान्य. पण एप्रिल १९७३ मध्ये गव्हाचा घाऊक व्यापार सरकारने ताब्यात घेतला तो निर्णय दिल्लीचाच होता. तो इतका फसला की वर्षभरात गुंडाळावा लागला, आणि तोवर बाजारातून गहू गायब झाला होता. मे १९७४ मध्ये रेल्वे कामगारांनी संप केला तेव्हा त्यांच्याशी बोलायचं की हजारोंना तुरुंगात टाकायचं, हाही निर्णयच होता. जुलै १९७४ मध्ये वाढीव महागाई भत्त्यातला अर्धा सक्तीने ठेवीत घालायचा वटहुकूम निघाला. महागाई खाली आली खरी, पण ती कुणाच्या पोटाला चिमटा घेऊन आली हे गिरणीतल्या आणि कचेरीतल्या माणसाला चांगलं कळलं होतं. संकट आणणं नेत्याच्या हातात नसेल, पण त्याची झळ कुणाला किती बसावी हे ठरवणं पूर्णपणे त्याच्या हातात असतं. तिथे त्याला सूट देण्याचं काहीच कारण नाही.

आणि १९७७? तेव्हा सरकार पाडणं हीच मागणी योग्य होती, कारण तोवर प्रश्न भावांचा उरलेला नव्हता. आणीबाणीत तर भाव आटोक्यात होते. माणसांना तोंड उघडण्याचा हक्क परत हवा होता आणि तो मताशिवाय मिळणार नव्हता. पण महागाईवरची नाराजी आणि हुकूमशाहीवरची नाराजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि १९७७ चा विजय आठवून प्रत्येक मंदीत सरकार पाडण्याच्या घोषणा देणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घेतलेला नाही. १९८० च्या जानेवारीत इंदिरा गांधी परत आल्या तेव्हा त्यांच्या प्रचारात कांद्याचा भाव होता. १९९८ मध्ये कांद्याने किलोला पन्नाशी ओलांडली आणि दिल्ली-राजस्थानात भाजपचा पराभव झाला. कांद्याने सरकारं पाडली, असं आपण तेव्हापासून कौतुकाने सांगत आलो. या पाडापाडीतून नाशिकच्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं? दिल्लीतल्या प्रत्येक सरकारने एकच धडा घेतला: शहरातला भाव वाढता कामा नये. त्या धड्याची किंमत तेव्हापासून तोच शेतकरी मोजतो आहे.

२०२३ चं वर्ष बघा. फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजार समितीत पाच क्विंटलहून जास्त कांदा विकला. हमाली, तोलाई, वाहतूक वजा जाता त्याच्या हातात दोन रुपयांचा धनादेश पडला. तेव्हा दिल्लीत कुणाची झोप उडाली नाही. ऑगस्टमध्ये भाव जरा सावरत होते तर १९ तारखेला निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क बसलं. नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले, तेव्हा क्विंटलला २४१० रुपयांनी सरकारी खरेदीची घोषणा झाली. आणि ८ डिसेंबरला तर निर्यात पूर्ण बंद. हा महिना नीट लक्षात घ्यायला हवा. डिसेंबरात बाजारात येतो तो खरिपाचा लाल कांदा. उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने राखता येतो, लाल कांदा राखता येत नाही. शेतातून काढला की आठवड्याभरात ट्रॉली बाजार समितीत न्यावीच लागते, मिळेल तो भाव घ्यावाच लागतो. निर्यातबंदीनंतर काही आठवड्यांत भाव निम्म्याखाली आले. आदल्या दिवसापर्यंत ज्या पिकावर सोसायटीचं कर्ज फिटेल असा हिशोब घरात मांडलेला होता, ते पीक एका अधिसूचनेने खर्चात गेलं. शेतकऱ्याला ना पूर्वसूचना, ना भरपाई.

मे २०२४ मध्ये, ऐन लोकसभा निवडणुकीत, बंदी उठली. उशीर झाला होता. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार एका शिक्षकाकडून, भास्कर भगरे यांच्याकडून हरल्या. नाशिकची जागाही गेली. राज्यात ४८ पैकी महायुतीला १७ जागा मिळाल्या, आणि कांद्याने घात केला हे सत्ताधारी नेत्यांनीच कबूल केलं.

इथवर हे लोकशाहीचं चांगलं उदाहरण वाटतं. पण मग काय झालं? २८ जून २०२४ ला लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय निघाला, जुलैपासून महिना १५०० रुपये. नोव्हेंबरात त्याच महायुतीने २८८ पैकी २३० जागा घेतल्या. पाच महिन्यांपूर्वीची नाराजी गेली कुठे?

बायका पंधराशे रुपयांत विकल्या गेल्या, असं शहरातली शिकलेली माणसं सर्रास बोलली. मला ते ऐकून संताप येतो. ज्या घरात सोयाबीन हमीभावाच्या खाली, चार हजारांच्या आसपास विकावं लागलं, त्या घरात महिन्याला पंधराशे म्हणजे गॅसची टाकी, सासूच्या गोळ्या आणि पोरीच्या एसटीचा पास. शिवाय हे पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात येत होते, नवऱ्याकडे हात पसरावा लागत नव्हता. समोर ठेवलेल्या गोष्टींत तीच एक गोष्ट हातात धरण्यासारखी होती. विरोधकांनी तरी काय ठेवलं? तीन हजार देऊ. सत्ताधारी म्हणाले २१०० करू. सगळा प्रचार आकड्याचा लिलाव झाला. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात २१०० आले नाहीत, आणि पडताळणी सुरू झाल्यावर लाखो नावं यादीतून गेली.

तिथे कुणाला दाद मागता आली? योजना शासन निर्णयाने आली होती, निकष शासन निर्णयाने बदलतात. रोजगार हमीवरच्या बाईला तारखेची पोचपावती दाखवून तहसीलदाराला विचारता येत होतं की पंधरा दिवस झाले, माझं काम कुठे आहे. रोजगार हमी आदर्श चालली असं मी म्हणत नाही. मजुरी महिनोन्‌महिने रखडली, खोटे हजेरीपट झाले, पाझर तलावांच्या नावाखाली पैसे खाल्ले गेले. पण त्या प्रत्येक वेळी भांडायला पायाखाली जमीन होती. लाडक्या बहिणीच्या पायाखाली ती नाही. तिचं नाव गेलं तर तिने भाऊ म्हणवणाऱ्यांकडे जाऊन विनवणी करायची. नाराजीच्या बदल्यात आपण हक्क घेतला नाही, हप्ता घेतला, आणि यात दोष त्या बायकांचा नाही. १९७२ मध्ये लाटणी घेऊन पुढे चालणाऱ्या ज्या पुढारी होत्या, गावोगाव मजुरांचे संप बांधणारे जे कार्यकर्ते होते, तसं काम आज करायला विरोधी पक्षांना सवड नाही आणि आम्हा लिहिणाऱ्यांनाही निकालाच्या आकड्यांपलीकडे बघायची सवय उरलेली नाही.

म्हणून आजची मागणी कशी हवी, ते थोडं स्पष्टच मांडतो. स्त्रियांना महिन्याचा भत्ता द्यायचा असेल तर तो कायद्याने द्या, निकष कायद्यात लिहा, नाव वगळण्याआधी नोटीस आणि अपिलाची सोय ठेवा, आणि त्याचा पैसा कुठून येणार तेही व्यवसाय करासारखं उघड सांगा. इतर खात्यांचा निधी हळूच वळवून नको. कांद्याची निर्यात रोखायची तर कुठल्या भावाला रोखणार हे हंगामाआधी जाहीर करा, आणि काढणी झालेल्या पिकाचा भाव त्या निर्णयाने पडला तर फरक सरकारने भरून द्यावा. शहरातल्या ग्राहकाला स्वस्त कांदा मिळायलाच हवा, पण त्याची सवलत लासलगावच्या शेतकऱ्याच्या खिशातून का?

सगळ्यांत मोठी नाराजी मात्र तरुणांची आहे आणि ती सगळ्यांत विस्कळीत आहे. २०२४ मध्ये राज्यात पोलीस भरतीच्या सुमारे सतरा हजार जागांसाठी सतरा लाखांहून जास्त अर्ज आले. एका जागेला शंभर. त्यांत अभियंते होते, पदव्युत्तर पोरं होती. ही पोरं कधी या नेत्यामागे जातात, कधी त्या जातीच्या मोर्चात जातात, समाजमाध्यमांवर मंत्र्यांना शिव्या घालतात. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात वेगळं काही दिसलं. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा आणि बँकभरतीची आयबीपीएस परीक्षा एकाच दिवशी आली होती. शिवाय कृषी सेवेच्या २५८ जागा त्या परीक्षेत घेतलेल्या नव्हत्या. पेठांमधल्या अभ्यासिकांतून पोरंपोरी बाहेर पडली आणि शास्त्री रस्त्यावर रात्रंदिवस बसली. तारीख बदला, जागा वाढवा, एवढंच म्हणाली. काही दिवसांत लोकसेवा आयोगाला २५ ऑगस्टची परीक्षा पुढे ढकलावी लागली.

त्यांनी एक तारीख बदलून घेतली. आता वेळापत्रकाचाच कायदा मागायला हवा: वर्षाच्या सुरुवातीला रिक्त जागा जाहीर करणं बंधनकारक, परीक्षा ठरल्या महिन्यात न झाल्यास वयोमर्यादा तेवढी आपोआप वाढणार, निकालाला मुदत, आणि मुदत चुकली तर भरलेलं शुल्क परत. सरकारी नोकऱ्या सगळ्यांना पुरणार नाहीत हे त्या पोरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. पण तिशीपर्यंत ताटकळत ठेवून मग वय उलटलं म्हणून बाहेर काढणं थांबवता येतं, आणि त्याला पावसाची किंवा तेलाच्या भावाची सबब चालत नाही. मुख्यमंत्री कोण आहेत, कुठल्या पक्षाचे आहेत, उद्या बदलणार आहेत का, याची वाट न पाहता ही मागणी येत्या अधिवेशनात विधिमंडळाच्या दारात नेता येईल. कुणी नेली तर त्या मोर्चात मी असेन.